दीनाबाईच्या वाट्याचा तुकडा

"पण टाकू कुठं, बाबा?" शलमोनने तिसऱ्यांदा विचारलं.

म्हाताऱ्यापुढे घायपाताच्या वाखाचा ढीग पडला होता, पांढरा आणि विस्कटलेला. त्यातून तो एकेक बट ओढत होता आणि मांडीवर चोळून सरळ करत होता.

"जाळू का? पुरू? का नदीत सोडून देऊ?"

"काय?"

"डब्यातलं."

"डब्यात काय आहे?"

शलमोनने इकडंतिकडं पाहिलं. सकाळचे दहा वाजून गेलेले. आळीत दारं उघडी. तो वाकला, म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पुटपुटला, "तुकडा. प्रभुभोजनाचा. दीनाबाईच्या वाट्याचा."

"ऐकू येत नाही," म्हातारा म्हणाला.

हा शलमोन पाटोळे म्हणजे गावच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. गावाला स्वतःचा पाळक नाही. पाळकसाहेब तालुक्याहून तीन महिन्यांनी एकदा यायचे, पाव मोडून प्रभुभोजन द्यायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. मधले सगळे रविवार पंचाने ओढायचे. देवळाची किल्ली त्याच्याकडे. घंटा त्याच्याकडे. शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मेलेल्याला पोचवायचं. कोणी पाय धरून सांगत नाही आणि केलं तर कोणी आभार मानत नाही.

त्याआधी शलमोन साखर कारखान्यात टाईमकीपर होता. गेटवर बसून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचा. तिथून निवृत्त झाला आणि देवळाच्या दाराशी येऊन बसला. माणूस तोच, गेट बदललं.

म्हातारा हनोख मकासरे. शलमोनच्या आधी तीस वर्षं तोच पंच होता. चौथी नापास. चारचौघांत उभं राहून प्रार्थना कशी करायची हे शलमोनला त्यानंच शिकवलं. मग एका रविवारी किल्ली त्याच्या हातावर ठेवली, घरी येऊन बसला आणि बापाचा दोर वळायचा धंदा परत सुरू केला. आळीतल्या नव्या लोकांना ते आवडत नसे. नायलॉन मिळतं आता, कशाला तो जुना उद्योग, म्हणायचे. म्हातारा म्हणायचा, नायलॉनला गाठ राहत नाही.

"तुटलेला दोर आणलास का?"

शलमोनने पिशवीतून दोराचा तुकडा काढून पुढं ठेवला. घंटेचा दोर. सकाळी दीनाबाईच्या मातीची घंटा देताना तुटला होता. आळीची रीत अशी की माणसाचं जितकं वय तितके टोले. दीनाबाई लोंढे एकाहत्तर वर्षांची होती.

"चाळिसावर तुटला," म्हातारा म्हणाला.

"हो."

"मी मोजत होतो. एकतीस राहिले."

"राहिले."

"मातीला तू दिसला नाहीस."

"भिंतीबाहेर उभा होतो."

"का? आत जागा नव्हती?"

शलमोनने तुटक्या दोराचं टोक चाचपलं. मग म्हणाला, "दीनाबाईच्या सुनेने, मार्थाने निरोप पाठवला होता. पंच कबरस्तानात आला, शास्त्र हातात घेतलं, तर सासूला उचलून परत घरी नेईन म्हणाली."

"हां. म्हणून मला बोलावलं होय." म्हाताऱ्याने एक बट ओढली. "वाचता कुठं येतंय आता. पाठ होतं ते म्हटलं. मधलं विसरलो."

"कोणी काही म्हणालं?"

"दीनाबाई तर काही म्हणाली नाही."

…

शलमोनने खिशातून किल्ली काढली. लांब, जुनी, लोखंडी. ती त्याने म्हाताऱ्यापुढं ठेवली.

"ही घ्या. आणि हा डबाही घ्या. मला मोकळं करा, बाबा. माझ्यानं होत नाही."

"काय होत नाही?"

"काहीच. प्रार्थनेला उभा राहतो तर शब्द येत नाहीत. डोळे मिटले की… जाऊ द्या. काल देवळात चौघं होती."

"कोण कोण?"

"मी. आमच्या घरातली. तिची बहीण, पाहुणी आलेली."

"आणि चौथं?"

"दारात कुत्रं होतं."

"वेळेवर आलं होतं का?"

म्हाताऱ्याने किल्ली उचलली, हातात तोलली आणि वाख वाऱ्यानं उडू नये म्हणून ढिगावर ठेवून दिली.

"तुम्ही तीस वर्षं केलंत," शलमोन म्हणाला. "तुम्हाला काय मिळालं?"

"कान गेले. तीस वर्षं घंटेखाली उभा होतो."

"थट्टा करू नका, बाबा. मी कुठं जाऊ? पाळकसाहेबांना फोन केला तर म्हणाले, प्रार्थना करा. बायको म्हणते, जेवून घ्या. मला कोणी सांगत नाही की मी…"

तो थांबला. पिशवीत डबा जरासा हलला.

"झाकण नीट बसलं नाही त्याचं," म्हातारा म्हणाला. "ऊठ. ती फिरकी घे."

"मी?"

"मग कोण? माझे गुडघे उठत नाहीत. दोर पाहिजे ना घंटेला?"

फिरकी भिंतीला टांगलेली होती. मुठीची दांडी आणि तिच्या टोकाला गरगर फिरणारी लाकडी फळी. एकानं बसून वाख सोडायचा. दुसऱ्यानं वाखाची बट फळीला अडकवायची, मनगटानं फळी फिरवत राहायची आणि जसजसा पेड लांबेल तसतसं पावलापावलानं मागं सरकायचं. शलमोनच्या बापाने जन्मभर हेच केलं. शलमोनने दहावीत असताना शेवटची फिरकी धरली होती आणि कारखान्याची ऑर्डर आली त्या दिवशी शपथ घेतली होती की पुन्हा हात लावणार नाही.

"इथं? आळीत? सगळ्यांदेखत?"

"इथं सुरू करायचं. मग मागं मागं जायचं."

"किती?"

"बारा हातांचा दोर लागतो. तीन पेडी. एकच लांब पेड वळून तिहेरी करायचा, म्हणजे पेड चाळीस हात. आळीभर."

आळी सरळ होती. एका टोकाला हनोखबाबाचं घर, दुसऱ्या टोकाला दीनाबाईचं, समोरासमोर. मध्ये दोन्ही बाजूंना चार-चार घरं. आज त्या घरांत कोणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. चूल पेटवायची नाही म्हणून दीनाबाईच्या घरी सगळ्यांनी कडूभाकरी नेली होती, पिठलं नेलं होतं, आणि तिथंच बसली होती सगळी. देवळात न येणारी सगळी.

शलमोनने त्या टोकाकडं पाहिलं. मग म्हाताऱ्याकडं.

"मागं काय आहे माहीत आहे ना, बाबा?"

"आळी आहे. धर फिरकी."

त्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि फिरकी धरली. मनगट फिरवलं. अर्ध्या जन्मात हात लावला नव्हता, तरी मनगट विसरलेलं नव्हतं. फळी घुं घुं फिरायला लागली. वाखाला पीळ भरला. तो एक पाऊल मागं सरला.

"हां," म्हातारा म्हणाला. "आता बोल. काय म्हणत होतास?"

"तुकड्याचं म्हणत होतो."

"मोठ्यानं."

"तुकड्याचं! पाळकसाहेब आले होते कालच्या आधीच्या रविवारी. पाव मोडला. दीनाबाई अंथरुणाला खिळलेली, येऊ शकत नव्हती. मला म्हणाले, तिचा वाटा तिच्या घरी नेऊन द्या."

"मग?"

"नेला."

"दिलास?"

फिरकी थांबली.

"थांबू नको," म्हातारा ओरडला. "पीळ सुटतो. मग पहिल्यापासून करावं लागेल."

शलमोनने पुन्हा मनगट फिरवलं. एक पाऊल मागं. आणखी एक. आता दोघांत सहा-सात हातांचं अंतर पडलं होतं आणि कानाशी बोलायची सोय उरली नव्हती.

"नाही दिला."

"काय?"

"नाही दिला!"

उजवीकडच्या दारात एस्तेरबाई आली. ती भाकरी घेऊन निघाली होती, ती तशीच उभी राहिली. हातात टोपलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "पंच, दोर वळताय होय? कारखान्यात शिकवलं का?"

शलमोनने मनगट आणखी जोरात फिरवलं. कान तापले त्याचे. डबा पिशवीत खडखडत होता, फिरकीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

"का नाही दिलास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे, बाबा."

"मला काय माहीत? मी बहिरा माणूस."

माहीत सगळ्या आळीला होतं. दोन वर्षांपूर्वी दीनाबाईच्या नातीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं. मंत्र झाले, सप्तपदी झाली. दीनाबाई लग्नाला गेली. नुसती गेली नाही, अक्षता टाकल्या, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि वर लाडू खाऊन आली. पुढच्या रविवारी शलमोनने उभं राहून तिचं नाव वाचलं. म्हणाला, दीनाबाई लोंढे यांनी मंडळीपुढं उभं राहून कबुली द्यावी. तोवर प्रभूच्या मेजाजवळ येऊ नये.

दीनाबाई उठली होती. म्हणाली, "नातीच्या डोक्यावर तांदूळ टाकले, शलमोना. तुझ्या डोक्यात दगड टाकला असता तर कबुली दिली असती."

देऊळ हसलं. पार पोटापासून हसलं. बायका पदरात तोंड घालून हसल्या. शलमोनची बायकोसुद्धा.

त्या दिवसापासून देऊळ रिकामं होत गेलं. आधी दीनाबाईचं घर यायचं थांबलं. मग कोणाला उशीर झाला म्हणून शलमोनने दारातून परत पाठवलं, कोणाची बायको डोक्यावर पदर न घेता आली म्हणून बोलला, कोणाच्या पोराचा बाप्तिस्मा लांबवला. एकेक घर गळत गेलं. शलमोन पाळकसाहेबांना सांगायचा, लोक थंड पडलेत.

"नियम होता!" शलमोन ओरडला. तो आता पंधरा-सोळा हात मागं गेला होता. "कबुली आधी, मग मेज! नियम आहे, बाबा! तुम्हीच शिकवलात!"

"मी?"

"तुम्हीच!"

म्हातारा वाख सोडत राहिला.

"शिकवलं असेल," तो म्हणाला. "मला पुष्कळ गोष्टी चुकीच्या येत होत्या."

…

"पुढं," म्हातारा म्हणाला.

"पुढं काय! दारात गेलो. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. खाटेवर होती. डबा दाखवला. म्हटलं, दीनाबाई, कबुली द्या, मग घ्या."

"काय म्हणाली?"

शलमोनच्या तोंडातून शब्द फुटेना. मनगट मात्र फिरत होतं. मनगट थांबवायची सोय नव्हती.

"अहो, काय म्हणाली?" हे एस्तेरबाईने विचारलं. तिने टोपलं खाली ठेवलं होतं.

"म्हणाली, आत ये."

"काय?" म्हातारा.

"आत ये! आत ये म्हणाली! बाहेर ऊन आहे, शलमोना, आत ये म्हणाली. मी म्हटलं, कबुली आधी. ती म्हणाली, दम लागतो रे, तू बस तरी, बसलास की बोलते. मी म्हटलं, आधी बोला."

"मग?"

"मग मी घड्याळ बघितलं."

एस्तेरबाईच्या मागं आणखी कोणीतरी आलं असावं. शलमोनने तिकडं पाहिलं नाही. समोर वाखाचा पेड ताणलेला होता, पांढरा, त्याच्या हातापासून म्हाताऱ्याच्या हातापर्यंत, आणि त्या पेडाच्या टोकाला म्हातारा बारकासा दिसत होता. पाठीमागून पिठल्याचा वास यायला लागला होता. माणसांची कुजबुज ऐकू येत होती. मग कुजबुज थांबली.

"म्हटलं, आठ दिवसांनी येतो. पुढच्या रविवारी, उपासना झाल्यावर. तोवर विचार करून ठेवा."

"गेलास?"

"गेलो! काल गेलो! वेळेवर गेलो, बाबा! साडेदहाला उपासना सुटली, पावणेअकराला दारात होतो!"

त्याचा आवाज चिरकला.

"दाराशी चपला होत्या. पंचवीस-तीस. मला वाटलं, सगळी तिची कबुली ऐकायला आलीत. मला बरं वाटलं, बाबा. खोटं कशाला बोलू… मला बरं वाटलं. मग आतून रडणं ऐकू आलं."

फळी फिरत राहिली.

"पहिली घंटा ऐकली आणि गेली म्हणतात. मी देत होतो ती घंटा."

"मोठ्यानं."

"मी देत होतो ती घंटा!"

कोंबडी आडवी गेली. तिला कशाचंच काही नव्हतं. ती पेडाखालून वाकून गेली आणि गटारीत चोच मारायला लागली.

"उरलेला तुकडा पंचाने खायचा असतो," म्हातारा ओरडला. आता त्यालाही ओरडावं लागत होतं. "खाल्लास का नाही?"

"खाल्ला! काल घरी जाऊन तोंडात घातला. गिळवेना. चावला, पाणी प्यालो, तरी जाईना खाली. काढला परत. तसाच आहे डब्यात. चावलेला. बुरशी आलेला."

"शी!" एस्तेरबाई म्हणाली. पण हळू म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. तो हसायला लावला नव्हता.

"जाळायला गेलो, हात होईना. कबरीत टाकावा म्हणून सकाळी नेला, तर मला आत येऊ दिलं नाही. कुठं टाकू? सांगा ना, बाबा! एवढंच विचारायला आलो होतो! कोणाला न कळता कुठं टाकू!"

आळी इतकी शांत झाली की फळीची घुं घुं तेवढी ऐकू येत होती.

"शलमोन."

"काय?"

"कुंकवासाठी अडवलंस तिला?"

"हो!"

"काय?"

"हो! नियम…"

"ऐकू येत नाही."

घाम शलमोनच्या डोळ्यांत गेला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एक पाऊल मागं सरला. आणखी एक. पाठीवरचं ऊन गेलं आणि सावली आली. कोणाच्या तरी वळचणीची सावली. कोणाच्या, ते त्याला माहीत होतं. आळीत त्या टोकाला एकच घर होतं.

"मला हसली म्हणून," तो म्हणाला.

"मोठ्यानं!"

"मला हसली म्हणून! सगळी हसली म्हणून! कुंकवाचं काही नव्हतं! ती सगळ्यांसमोर मला हसली, म्हणून ती सगळ्यांसमोर रडावी असं मला वाटत होतं! दोन वर्षं वाटत होतं! रोज प्रार्थनेत वाटत होतं!"

…

हे तो म्हणाला. आळीभर ऐकू गेलं. दीनाबाईच्या घरात जी बसली होती त्यांनाही ऐकू गेलं, कारण तो त्यांच्या दारातच उभा होता, त्यांच्याकडं पाठ करून.

आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं. कोणीतरी शिव्या देईल. कोणीतरी रडेल. कोणी पाठीत दगड घालेल तरी चालेल. इतकी वर्षं लोकांना तो सांगत आला होता की कबुली दिली की ओझं उतरतं, हलकं वाटतं, देव ऐकतो. भरल्या देवळात सांगितलं होतं. मग अर्ध्या देवळात सांगितलं. काल कुत्र्याला सांगितलं.

ओझं उतरलं नाही. काहीच उतरलं नाही. पिशवी खांद्यावर होती, डबा पिशवीत होता, तुकडा डब्यात होता. दीनाबाई मातीत होती.

मागं बांगडी वाजली.

"मार्था?" तो न वळता म्हणाला. वळला असता तर पीळ सुटला असता. "मार्था, तू आहेस का?"

उत्तर आलं नाही.

"मला काही म्हण."

पुन्हा बांगडी वाजली. ती दारातून बाजूला झाली, की तिथंच उभी आहे, की आत निघून गेली, हे त्याला कळेना. आतून एका म्हातारीचा खोकल्याचा आवाज आला. ताटात पाणी सांडल्यासारखं काहीतरी वाजलं. मग तेही थांबलं.

त्याने अर्धं पाऊल मागं घेतलं आणि टाच दगडाला लागली.

उंबरा.

आठ दिवसांपूर्वी ह्याच दगडाच्या अलीकडं तो उभा होता. कारखान्याचं घड्याळ हातात. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं.

तो थांबला. मनगट आपोआप फिरत राहिलं. पेड त्याच्या छातीपासून निघून आळीभर गेलेला, एस्तेरबाईच्या दारावरून, रिकाम्या घरांवरून, थेट त्या टोकाला.

"बाबा!" तो ओरडला. घसा फाटला होता. "झालं सगळं सांगून! आणखी काही नाही माझ्याजवळ! आता काय करू?"

त्या टोकाला म्हातारा वाखाच्या ढिगाकडं बघत होता. ढीग संपत आला होता. त्याने किल्ली उचलून बाजूला ठेवली आणि तिच्याखालची शेवटची बट काढली. ती मांडीवर चोळली. सरळ केली. सावकाश. त्याला कसली घाई नव्हती.

"आता काय करू, बाबा?"

म्हाताऱ्याने एक डोळा मिटून पेडाची लांबी पाहिली.

"दोन हात कमी आहे," तो म्हणाला. "मागं सर."